वरून शाबूत

मी पत्रा बोलतोय. खालून काळाकुट्ट, वरून चकचकीत. सरकार वरूनच बघतं, त्यामुळे कागदोपत्री माझी प्रकृती उत्तम आहे.

जन्म लोहाऱ्याच्या एमआयडीसीतला. प्रभावतीनं मला आणि माझ्या तिघा भावांना हौसेनं आणून आपल्या गादी-उशांच्या दुकानावर चढवलं. मागच्या खोलीत ती आणि तिची लेक दीपा राहायच्या. आमच्याखाली मशीन चालायची, रुई उडायची, आणि उन्हाळाभर मी तापतो म्हणून शिव्या खायचो.

मग बोंडअळीचं साल आलं. किडका कापूस कोणी घेईना, उन्हाळा लागला तरी पडून. बाजारात आधी कोणाची गाडी यावरून दोन गट भिडले, आणि या भांडणाशी काडीचा संबंध नसलेली आमची गल्ली पेटवून दोघांनीही शौर्य गाजवलं. रुईच ती! अर्ध्या तासात आतलं सगळं राख. मी मात्र जागचा हललो नाही. हाच माझा गुन्हा.

नुकसान मोजायला स्वानंदसाहेब आले. हातात टॅब, आकाशात ड्रोन, बूट स्वच्छ. ज्याचं छप्पर गेलं ते घर नकाशावर लाल, मदतीला पात्र. ज्याचं शाबूत ते हिरवं. शेजारच्या पंजाबरावांना आगीची झळही लागली नव्हती. पण पावसाळ्याआधी छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचे म्हणून त्यांनी ते उतरवून अंगणात रचलेले. त्यांचं घर लालेलाल! आमचं हिरवंगार.

"साहेब, आत येऊन पाहा ना. माही मशीन जळली, भिंत हात लावला का पडते," प्रभावती म्हणाली.

"ताई, नकाशात तुमचं घर सुरक्षित दाखवतंय."

"मंग आम्ही मायलेकी काय नकाशात राहाव का?"

साहेबांनी टॅबवरची धूळ पुसली. आठ दिवसांनी दुसरी फेरी आहे, एवढंच बोलले.

दुसऱ्या फेरीच्या दिवशी सकाळीच प्रभावतीनं स्वतः वर चढून आमचे बोल्ट काढले. "माफ कर रे बाप्पा," मला म्हणाली. इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी पहिल्यांदाच प्रेमानं बोललं. खरंच गलबलून आलं.

पण दुपारच्या उन्हात दीपाला भोवळ आली. लेकरू जपायचं की नकाशा? प्रभावतीनं आम्हाला उरलेल्या भिंतीला तिरकं लावून सावली केली, आणि नेमका तेव्हाच ड्रोन घोंघावत आला. अहवाल तत्पर होता: 'नवीन छप्पर. कुटुंब पूर्वपदावर.'

आता दोघी माझ्याखालीच राहतात. साहेब, एकदा या. ड्रोन नको, तुम्हीच या. फक्त आत शिरायचं तर वाकावं लागेल.