बदकं मोजणारी सातवी

गुलमंडीमागच्या शाळेत सातवीला टॅबलेट मिळाले, तेव्हा पुंडलिक सरांना वाटलं, सुटलो एकदाचे. पोराची कुवत ओळखून टॅबलेटच त्याला झेपेल तो धडा देणार होता. पण पंधरा दिवसांत अख्खी सातवी पडद्यावर बदकं मोजायला लागली. बदकं पहिलीच्या धड्यात होती.

घोळ झाला नळाच्या गणितात. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा चार तासांत. दोन्ही सोडले तर टाकी कधी भरेल? टॅबलेटला दोन तास चोवीस मिनिटं हवी होती. चाळीस पोरांनी लिहिलं, ‘तिसऱ्या पाळीला’. दुष्काळाचं साल, शहर वाढत पार दौलताबादच्या रस्त्याला भिडलेलं आणि नळाची पाळी आठवड्यातून एकदा, तीही तासभर. पोरांचं काय चुकलं? हुशार अश्लेषानं तर ‘मधे कोणी पाणी वापरलं नाही तर’ असंही जोडलं. टॅबलेटनं सगळ्यांना एकेक इयत्ता खाली उतरवलं, आणि दर इयत्तेत पुन्हा एक नळ भेटला.

आता वर्ग घसरला की शिक्षकाला प्रशिक्षण, या नियमाप्रमाणे सरांना मे महिन्यात दहा दिवस पुण्याला जायचं होतं. सरांच्या बायकोनं, रत्नमालाबाईंनी, घरी बजावलं होतं, “दहा दिवसांत एक पाळी येतीच. पाइप कोण धरणार? जायचं तर टाकी डोक्यावर घेऊन जा.” सर त्या टाकीला नाही, बाईंना घाबरले होते.

तपासणीला शिक्षण खात्याचे अधिकारी काकासाहेब आले. “चाळीस पोरं अन् एकालाबी नळ येत नाय?”

“साहेब, तुम्हीच करून बघा की.”

काकासाहेबांनी नाव टाकलं, गणित वाचलं आणि बोटं मोजली. “आमच्या नव्या कॉलनीत पाऊणच तास येतं. म्हंजे चौथी पाळी.”

बघता बघता साहेब बदकांपाशी पोचले. सहा मोजली, चूक. अश्लेषा हळूच म्हणाली, “गवतामागं एक हाय, साहेब. आम्हीबी तिथंच चुकलो.” सात लिहिल्यावर चांदणी मिळाली आणि साहेब मनापासून खूश झाले. तेवढ्यात टॅबलेटवर प्रशिक्षणाची यादी नव्यानं लागली. पहिलीपर्यंत घसरले म्हणून सगळ्यात वर काकासाहेबांचं नाव होतं.

“मे महिन्यात आमच्या घरीबी पाइप मीच धरतो हो,” ते बारीक आवाजात म्हणाले. मग पेन काढून त्यांनी शेरा लिहिला: पाणीटंचाईमुळे प्रशिक्षण रद्द.

सर जवळजवळ पळतच घरी आले आणि दारातूनच बातमी सांगितली. रत्नमालाबाईंनी त्यांच्या हातात पाइप दिला.

“मग उभे काय राहिले? नळ आलाय.”