शेवटची दहा मिनिटं

"भाऊ, संत्रा खाणार?" इसहाकने विचारले, आणि उत्तराची वाट न बघता अर्धे संत्रे कमलाकरच्या वहीवर ठेवले.

समोर मेंटेनन्स विरुद्ध स्टोअर्स असा उपांत्य सामना चालला होता आणि मेंटेनन्सचा सर्वांत चांगला खेळाडू बाकावर बसून संत्री सोलत होता. कमलाकरला हे बघवत नव्हते. तसे न बघवणाऱ्या पुष्कळ गोष्टी त्याच्या आयुष्यात येऊन गेल्या होत्या, आणि त्या सगळ्या त्याने निमूटपणे बघितल्या होत्या.

खेळ होता फ्लॅग फुटबॉल. प्लँटवर आलेल्या एका अमेरिकन सल्लागाराने तो सौदीतल्या रास अल खैरच्या वाळूत आणून सोडला. सल्लागार परत गेला, खेळ राहिला. लांबट चेंडू घेऊन समोरच्या टोकाच्या रेषेकडे पळायचे, ती ओलांडली की गुण. पळणाऱ्याच्या कमरेला दोन फिती लटकत असतात. त्यांतली एक कुणी ओढून काढली की त्याची धाव संपली. बचाव करणाऱ्यांत जो मधोमध उभा राहतो, कोण कुठून घुसणार हे आधीच हेरतो आणि झडप घालतो, तो लाइनबॅकर.

इसहाक पंप दुरुस्त करणारा मेकॅनिक, वय एक्कावन्न. तरुणपणी दापोलीकडच्या आपल्या गावात तो कबड्डीचा कोपरा सांभाळायचा, त्यामुळे हा खेळ त्याला शिकवावा लागला नाही.

"तोंडाकडं बघायचा नाय, भाऊ. तोंड खोटा बोलतं. टाच बघायची," तो म्हणायचा.

पण मेंटेनन्सचा कर्णधार होता इंद्रनील. पुण्याचा चौतीस वर्षांचा इंजिनीअर, खात्याचा प्रमुख, आणि लाइनबॅकर तो स्वतः होता. त्याने या खेळाचे पुष्कळ व्हिडिओ बघितले होते. त्याच्याकडे खास हातमोजे होते. प्रत्येक सामन्यात तीस मिनिटे तो खेळायचा आणि शेवटची दहा मिनिटे इसहाकला आत पाठवायचा. त्या दहा मिनिटांत इसहाकला ओलांडून माशीसुद्धा जात नसे. कमलाकर जाणून होता, कारण सामन्याची नोंद तोच ठेवायचा. त्याचे अक्षर चांगले म्हणून हे काम त्याच्याकडे आले होते. एरवीही प्लँटवर तो कागदपत्रांचाच माणूस. नकाशे आले की शिक्का मारायचा, गेले की नोंद करायची, अशी बावीस वर्षे.

अंतिम सामन्यानंतरच्या आठवड्यात इसहाकचा फायनल एक्झिट होता. पासपोर्टवर शिक्का, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना परत, खलास, कायमचा गावी. शुक्रवारचा अंतिम सामना हा त्याचा इथला शेवटचा खेळ. त्यातही तो दहाच मिनिटे खेळणार, या विचाराने कमलाकरने हातातली संत्र्याची फोड परत वहीवर ठेवली. 

रविवारी सकाळी त्याने इंद्रनीलच्या केबिनचे दार वाजवले.

"सर, एक बोलायचं होतं."

"बोला ना, काका." इंद्रनीलने मान वर केली. मान वर केली नसती तर कमलाकर कदाचित बोललाही असता.

"प्रिंटरचा टोनर संपत आला होता."

"मग मागवा."

"मागवला, सर."

"मग?"

"आला."

इंद्रनीलने पेन खाली ठेवले. "काका, सगळं ठीक आहे ना?"

"हो, सर. काळा आला," कमलाकर म्हणाला आणि दार हळूच ओढून घेऊन बाहेर पडला.

संध्याकाळी कँपातल्या खोलीतून त्याने अल-खोबरला बायकोला, पद्मजाला फोन लावला. ती तिथे फ्लॅटवर असायची. हा सुट्टीच्या सुट्टीला जायचा.

"टोनर?" पद्मजा म्हणाली.

"ऐन वेळी तेच आठवलं."

"तुमचं काही होणार नाही. न्हाव्याला चिठ्ठी देणारा माणूस तुम्ही. 'मागून बारीक' म्हणून."

"त्याला हिंदी येत नव्हतं."

"चिठ्ठीही हिंदीतच होती."

 पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"मग साहेबालाही चिठ्ठीच द्या," पद्मजा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ती वैतागून बोलली होती, पण कमलाकरला रात्रभर दुसरे काही सुचेना. प्लँटवर कुठलाही नकाशा बदलला की त्याचा नवा क्रमांक पडायचा, रिव्हिजन वन, रिव्हिजन टू असा. सोबत एक पत्रक जायचे. त्यावर संबंधित साहेबाने सही करायची आणि हरकत असेल तर कळवायची. तळाशी एक ओळ कायम छापलेली असे: 'तीन दिवसांत हरकत न आल्यास मान्य समजण्यात येईल.' इंद्रनील अशा चाळीसेक पत्रकांवर रोज सह्या करायचा, बहुधा फोनवर बोलता बोलता. आणि मीटिंगमध्ये कुणी कुरकुर केलीच तर त्याचे एक ठरलेले वाक्य असे. "सही आहे ना तुझी? मग खलास."

सोमवारी कमलाकरने आयुष्यातला पहिला गुन्हा केला. 'अंतिम सामना: संघाची यादी, रिव्हिजन वन' असा कागद त्याने टाइप केला. लाइनबॅकर: इसहाक, पूर्ण वेळ. राखीव: इंद्रनील. दोन बॉयलरांच्या नकाशांमध्ये तो घातला. दुपारी सही होऊन परत आला. गुरुवारपर्यंत हरकत आली नाही. त्या चार दिवसांत कमलाकरचे दोन किलो वजन उतरले. शेवटी अकरा प्रती काढून त्याने त्या रीतसर खात्यात वाटल्या.

शुक्रवारी दुपार कलताना, असरच्या नमाजानंतर सगळे मैदानावर जमले. इंद्रनील हातमोजे चढवत असताना कुणीतरी हसत त्याच्या हातात कागद दिला. त्याने तो दोनदा वाचला.

"काका, हे काय आहे?"

"रिव्हिजन वन, सर."

"ते दिसतंय. कुणी मान्य केली?"

कमलाकरने बोटाने सही दाखवली. 

"सर, सही आहे ना तुमची?" मागून इलेक्ट्रिकलचा सुमीत म्हणाला. "मग खलास."

सगळे हसले. इंद्रनीलचे कान लाल झाले. त्याने हातमोजे काढले, घडी करून खिशात ठेवले आणि बाकावर जाऊन बसला. कमलाकरला वाटले, आपण आत्ता वाळूत विरघळून गेलो तर बरे.

तेवढ्यात कुणाकडून तरी घेतलेली यादी मुठीत धरून इसहाक आला, त्याने कमलाकरचा दंड धरला आणि त्याला बाजूला नेले.

"भाऊ, ह्या यादीच्या किती कापी काढल्या?"

"अकरा."

"मना एकपण नाय दिली?"

 वर्कशॉपला प्रत द्यायची पद्धतच नव्हती. पंपाचा नकाशा प्लँटमधल्या सगळ्यांकडे जायचा; पंप ज्याला खोलायचा तो सोडून. बावीस वर्षे हे असेच चालले होते आणि तेच त्याने आजही केले होते.

"मना इचारायचा तरी," इसहाक म्हणाला. "दहा मिनटा मी वाघ हाय. अकराव्या मिनटाला दापोलीचा एस्टी स्टँड. कुणीपण यावा, कुणीपण जावा. ह्या गुडघ्यात काय रायला नाय, भाऊ."

"पण साहेब तुम्हाला मुद्दाम..."

"साहेबाला मीच सांगितला होता. शेवटची दहा द्या, म्हटला. तवा समोरचे दमलेले असतात, मी ताजा असतो. कुणाला बोलू नका म्हटला, तर साहेब कुणाला बोलला नाय. माणूस बरा हाय."

कमलाकरने बाकाकडे बघितले. इंद्रनील एकटा बसून बुटाची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधत होता. गेले चार महिने या माणसाबद्दल कमलाकरने मनातल्या मनात काय काय म्हटले होते ते आठवून त्याने घाईने वही उघडली.

"रिव्हिजन टू काढतो," तो म्हणाला. "हाताने लिहून देतो. दोन मिनिटं लागतील."

इसहाकने कागद पुन्हा उघडला. स्वतःच्या नावावर त्याची नजर जरा जास्तच वेळ थांबली.

"नको," तो म्हणाला. "लिवलाव ना पूर्ण वेळ? खेळतो."

"अहो, गुडघा..."

"गुडघा आता गावालाच न्यायचा हाय. तिथं काय त्याला नोकरी करायची नाय."

पहिली दहा मिनिटे इसहाक खरोखरच वाघ होता. समोरच्या ऑपरेशन्स संघाचा उमैर, चोवीस वर्षांचा आणि वाऱ्यासारखा पळणारा, तीनदा आला आणि तिन्ही वेळा इसहाकच्या हातात आपली फीत देऊन गेला. अकराव्या मिनिटाला एस्टी स्टँड सुरू झाला. गाड्या डावीकडून गेल्या, उजवीकडून गेल्या. एकदा तर इसहाक एकीकडे पडला आणि चेंडू दुसरीकडून गेला. तरी मेंटेनन्सची पोरे पुढे धावून धावून गुण फेडत राहिली, आणि शेवटचे मिनिट उरले तेव्हा गुण बरोबरीत होते.

"काका," इंद्रनील म्हणाला. तो कधीच उठून कमलाकरशेजारी येऊन उभा राहिला होता. "बदलू का त्यांना? तुमची यादी आहे, तुम्ही सांगा."

असे कमलाकरला आजवर कुणी विचारले नव्हते. तो मैदानाच्या कडेपर्यंत गेला. तोंडाभोवती हात धरून ओरडला, आणि आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळले.

"इसहाकभाय, बस का?"

गुडघ्यांवर हात टेकून उभ्या असलेल्या इसहाकने मान वळवली नाही. नुसता हात हलवला. नाही.

"राहू द्या, सर," कमलाकर म्हणाला.

उमैर शेवटचा आला. त्याने खांदा डावीकडे टाकला, डोळे डावीकडे टाकले. इसहाक टाच बघत होता. तो उजवीकडे झेपावला आणि कमरेची फीत ओढून घेऊन लांब पसरला. सगळे मैदान ओरडले. मग पंचाने वाळूकडे बोट दाखवले. उमैरचा पाय फीत निघण्याआधी रेषेपलीकडे पडला होता. वीतभर.

मेंटेनन्स हरली.

उमैरने इसहाकला बखोटीला धरून उठवले. "चाचा, आपको कैसे मालूम पड़ता है?"

"तू अपनी टाच को समझा," इसहाक म्हणाला आणि फीत त्याला परत दिली.

इंद्रनीलने बर्फाची पिशवी आणली आणि गुडघे टेकून स्वतः ती इसहाकच्या गुडघ्यावर बांधली. त्यासाठी त्याने खिशातला एक हातमोजा वापरला. कमलाकरला त्याची माफी मागायची होती.

"सर, एक बोलायचं होतं," तो म्हणाला.

"टोनर का?" इंद्रनील मान वर न करता म्हणाला.

"नाही, सर. चुकलो मी."

"सही माझी होती, काका," इंद्रनील म्हणाला आणि गाठ आवळली.

रस्त्यावर कँपाची बस उभी होती. पोरे चढून बसली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, खिडकीतून हात काढून "यल्ला, यल्ला" म्हणत घाई केली. कुणालाही आपल्यामुळे थांबावे लागू नये म्हणून बावीस वर्षे कमलाकर या बसच्या दाराशी पाच मिनिटे आधी येऊन उभा राहत आला होता.

बूट आता इसहाकच्या पायात मावत नव्हते. कमलाकरने ते वाकून काढले, नाड्या एकमेकींना बांधल्या आणि आपल्या खांद्यावर टाकले. दुसरा खांदा इसहाकला दिला.

हॉर्न पुन्हा वाजला. कमलाकरने ड्रायव्हरकडे बघून तळहात उभा धरला.

ड्रायव्हरने इंजिन बंद केले. अनवाणी इसहाक एकेक पाऊल मोजून टाकत होता, आणि त्याच्याबरोबर कमलाकरही.