प्रभावतीच्या रक्तातलं विकर

मी एक विकर बोलतोय. अन्न पचवणारी विकरं तुम्ही शाळेत शिकलात. मी त्यांच्याच जातीचा, पण माझं काम निरोप पोचवण्याचं. केळशीच्या प्रभावतीच्या रक्तात, एका पांढऱ्या पेशीत मी जन्मलो. बाहेरून धोक्याचा इशारा आला की मी शेजारच्या प्रथिनांना फॉस्फेटचा कण चिकटवतो. तेवढ्यानं त्यांचा आकार बदलतो आणि ती कामाला लागतात. एरवी मी निजूनच असतो.

प्रभावतीला साखरेचा आजार होता, पण बसून राहणं तिला ठाऊक नव्हतं. नवरा अभय मुंबईहून यायचा होता, म्हणून ती खाडीच्या खडकांवर कालवं काढायला गेली. तिथं शिंपल्याची धारदार कपची घोट्यात घुसली. त्याच वाटेनं पाण्यातले जंतू आत आले.

संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. मुलगी करुणा म्हणाली, "आई, पाय बघ कसा सुजलाय. रिक्षा बोलावते, दवाखान्यात चल."

"अगो, कपची ती केवढी! हळद दाबलीय. सकाळी बाबा येतील, मग बघू."

जंतूंच्या अंगावरचं विष तोवर माझ्या पेशीला भिडलं होतं. मी जागा झालो. एकेका प्रथिनाला कण चिकटवत गेलो. त्यांनी ताप चढवणारे, रक्तवाहिन्या सैल करणारे पदार्थ रक्तात सोडले. हे थोडक्यात आटोपतं तेव्हा माणूस वाचतो. इथं विष येतच राहिलं. प्रत्येक पेशीत माझी भावंडं राबत होती आणि त्यांना आवरणारं कुणी उरलं नव्हतं. रक्तवाहिन्या पाझरू लागल्या. रक्तदाब घसरला.

सकाळी अभय दारात आला, तेव्हा प्रभावती असंबद्ध बडबडत होती. त्यानं तिला तशीच उचलून गाडीत घातली आणि रत्नागिरी गाठली.

हॉस्पिटलात तिला थोडी शुद्ध आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाय सडत चाललाय, कापावा लागेल."

"कापा," प्रभावती म्हणाली. "पन मला घरी जायचंय."

पाय गेला. औषधांनी जंतूही मेले.

"मग ती उठत का नाय?" अभयनं विचारलं.

"जंतू मेले, पण त्यांचं विष रक्तात पसरलंय. त्याच्याशी लढताना प्रभावतीबाईंचं शरीर स्वतःलाच जाळतंय."

"आपलंच शरीर?" तो पुटपुटला आणि तिचा हात धरून बसला. करुणा भिंतीकडे तोंड करून रडत होती.

तपासणीसाठी रक्त काढलं, त्यात मी काचेच्या नळीत आलो. बऱ्याच वेळानं कुणीतरी नळी उचलली.

"या बाईंचं रक्त राहिलंय तपासायचं."

"गेल्या त्या. घरचे मयत केळशीला घेऊन गेले. ठेव बाजूला."

वाचकहो, जखम कितीही लहान असू दे, अंगात हुडहुडी भरली तर सकाळची वाट बघू नका. एवढंच मागणं.

माझी पेशी अजून तग धरून आहे. नळीतलं विष तिला डिवचतंय. मी अजून प्रथिनांना कण चिकटवतोय. थांब म्हणून मला कुणी सांगितलेलं नाही.