दोरीच्या आतलं भात

भातकापणीला आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातल्या त्या वाडीत पोचले, तेव्हा जानकूच्या खाचरात पिकाचा उतारा मोजण्यासाठी मी आधी येऊन ठोकलेल्या खुंट्या नि दोरी जागच्या जागी होती. पण दोरीच्या आत लोंब्या भरून वाकलेल्या, बाहेर सगळं पोचट.

"आजी, इथं पाणी घातलंत?"

"मग! झऱ्यावरनं, हंड्यानं," जानकूची आई बायडाबाई कौतुकानं म्हणाल्या. "सरकारी मानसं बगायला येनार, आन् वाळकं दावू व्हय? पावणं यायचं तर अंगण सारवतोच की आमी."

त्या साली पावसानं ओढ दिली होती. मदत मिळायची ती पिकाचा उतारा कमी भरला तरच. तालुक्याचे डोंगर, मधला आणि पूर्वेकडचा असे भाग पाडलेले. डोंगरातली थोडी गावं, त्यातली थोडी शेतं अंकांच्या तक्त्यावरून, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निघत, आणि तेवढ्यांच्या सरासरीवरून सगळ्या डोंगराचं भात ठरे. हे सांगताच जानकूनं कपाळावर हात मारला.

"आये, हंडाभर पान्यानं आख्खा डोंगर श्रीमंत केलास की!"

बायडाबाईंनी पुढं होऊन खुंटीला हात घातला. "ताई, दोरी जरा सरकवा. हितंच, बांधापाशी."

बांधापाशी वाळलेलं होतं, खरंही होतं. पण माझ्या हातानं निवडलेलं खरं कसं मानायचं?

"ही जागा बाद. तसा शेरा लिहिते. तक्त्यातला पुढचा अंक निघेल तिथं कापू." मनात देवाचं नाव घेतलं नि तक्ता उघडला.

निघालं बहिरूचं खाचर. ओढ्याकाठचं, वाडीतलं सगळ्यात सरस.

"मेलो राव," मागं जमलेल्यांतलं कुणी म्हणालं. जानकूनं हात जोडले. "ताई, आजून येक अंक बगा ना. कुनाला कळतंय?"

त्याखालचा अंक मला दिसतच होता. माळावरचं, करपलेलं शेत.

"हे खाचर वाळकं निघालं असतं, तर 'आजून येक बगा' म्हणाला असता?" मी हळूच विचारलं.

बहिरूनंच पुढं होऊन माझ्या हातातली दोरी घेतली. "चला. माजं बी ह्याच डोंगराचं हाय. बाकीच्या गावांत बी दोऱ्या बांधल्यात न्हवं?"

"बांधल्यात."

भात कापून, झोडून तराजूत पडलं. आकडा चांगलाच भरला. तो मी सांगितला, तशी माणसं गुमान पांगली.

बायडाबाई तेवढ्या पायवाटेपर्यंत माझ्यासोबत आल्या.

"ताई, बाकीच्या गावांत कुनी पानी तर नसंल ना घातलं?"