माझ्या पोटाखाली कुणी वाकलं नाही

मित्रांनो, सन दोन हजार बावीसच्या श्रावणात मला चार इंच उंच करण्यात आलं आणि पुढच्याच सोमवारी, मी रोज जिथं अडत होते, त्याच जागी पुन्हा अडले. या गोष्टीची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही. मी एक जुनी जीप आहे. तीर्थपुरीच्या अलीकडे एक वस्ती आहे, तिथल्या लिंबाखाली माझा मुक्काम असतो. जुन्या गाड्यांना कुणी विचारत नाही, म्हणून मी आपणहून सांगते.

माझा जन्म शहाऐंशी सालचा. कारखान्यातून निघाले ती थेट पाटबंधारे खात्यात रुजू झाले. कालव्याच्या कडेनं साहेबांना फिरवायचं, दारं बघायची, कुठं पाणी फुटलं का ते बघायचं, हे माझं काम. माझे चालक रामराव. खाकी शर्ट, खिशात बिडीचं बंडल, बोलणं मोजकं. पण त्यांची एक रीत होती. रोज सकाळी किल्ली फिरवण्याआधी ते जमिनीवर पोतं अंथरायचे आणि पाठीवर सरकत माझ्याखाली यायचे. माझ्या एकेका पाट्यावर पान्हा वाजवायचे. पाटे म्हणजे चाकांवर एकावर एक रचलेल्या, कमानीसारख्या वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या. त्यांच्यावरच माझं सगळं अंग तोललेलं असतं. रामराव वाजवायचे, कान द्यायचे आणि म्हणायचे, "बोल बाई, कुठं दुखून राह्यलं?" तेरा वर्षांत त्यांची ही रीत एक दिवस चुकली नाही. साहेब लोक मला नावाजायचे, म्हणायचे, ही कधी अडत नाही. मी अडत नव्हते, कारण अडण्याआधीच कुणीतरी वाकून बघत होतं.

नव्व्याण्णव साली माझा लिलाव झाला. मला श्रीपतरावांनी घेतलं. त्यांची मोसंबीची बाग होती. मी क्रेट वाहू लागले. माझ्या अंगाला डिझेलऐवजी मोसंबीचा वास येऊ लागला आणि तो मला आवडला. श्रीपतरावांच्या मनात एक खूळ होतं: बायकोला गाडी शिकवायची. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या, ठेंगण्या, क्लचवर पाय पोचायला पाठीमागे उशी घेणाऱ्या. दोन उन्हाळे कालव्याच्या रस्त्यावर त्या शिकल्या. पहिल्यांदा मला घेऊन तीर्थपुरीच्या बाजारात आल्या, तेव्हा चहाच्या हॉटेलातून एकजण ओरडला, "श्रीपतराव, आता तुम्ही मागं क्रेटात बसा."

रमाबाईंनी गाडी थांबवली. "बसतील की. तुमच्यासाठी बी एक क्रेट ठिवलाय, या."

हॉटेलभर हशा झाला, पण आता त्या ओरडणाऱ्यावर.

श्रीपतराव दोन हजार अकरा साली गेले. मग चार वर्षं मी लिंबाखाली उभी होते. कोंबड्यांनी माझ्या सीटवर अंडी घातली, पोरांनी माझा आरसा काढून नेला. त्या वर्षांविषयी मी जास्त बोलत नाही. वस्तीवरची शाळा सातवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर तीर्थपुरीला जायचं आणि डांबरी रस्त्यापर्यंत तीन किलोमीटर पांदण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट. मुलगे सायकलीवर, कुणाच्या मोटरसायकलीवर जात. मुली सातवीनंतर घरी बसत. दोन हजार पंधराच्या जूनमध्ये रमाबाईंनी कोंबड्या हाकलल्या आणि वडीगोद्रीच्या गयासोद्दीन मिस्त्रींना बोलावून घेतलं. गयासोद्दीन श्रीपतरावांचे दोस्त. तीन दिवस इंजिनावर खपून त्यांनी मला चालू केलं. चौथ्या दिवशी माझ्यात पाच मुली बसल्या. पुढं सात वर्षं मी मुलींना शाळेत पोचवत होते. मी कालवे पाहिले, साहेब पाहिले, पण खरं सांगते, माझं आयुष्य त्या सात वर्षांत सार्थकी लागलं.

आता बावीस सालाकडे येते.

त्या पावसाळ्यात पांदण बिघडली. हिवाळाभर उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरनं काळ्या मातीत खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि दोन चाकोऱ्यांच्या मध्ये मातीचा वरंबा उभा राहिला होता. माझी चाकं चाकोरीत उतरली की पोट त्या वरंब्यावर टेकायचं. चाकं जागच्या जागी फिरायची आणि मी लटकून राहायचे. मुली चिखलात उतरायच्या, ढकलायच्या, दप्तरं डोक्यावर घेऊन चालायच्या. महिन्याभरात अकरा दिवस शाळा बुडाली. घटक चाचणीचे दोन पेपर बुडाले.

मुलींत सर्वांत मोठी श्रद्धा, दहावीतली. तिचे वडील अंगद एका संध्याकाळी लिंबाखाली आले.

"काकू, पोळ्यापर्यंत बघतो मी. मंग पोरीला घरी बसवतो."

"दहावीला? अरे, सहा महिने राह्यले तिचे."

"कपडे चिखलाचे, पेपर बुडून राह्यले. अशी दहावी करून काय व्हायचं? सरकीत तरी कामाला येईल."

श्रद्धा दाराआड उभी होती. दुसऱ्या दिवशी माझ्यात बसताना तिनं माझ्या टपाच्या दांडीला नेहमीपेक्षा घट्ट धरलं. पोळ्याला वीस दिवस होते.

रमाबाईंनी मुलाला फोन केला. अवधूत जालन्यात विमा कचेरीत नोकरीला, रविवारी येणारा. मनानं चांगला, पण सगळं ज्ञान त्याच्या फोनमध्ये. आला तो खाटेवर बसून आईला चित्रं दाखवू लागला.

"आई, हे बघ, लिफ्ट किट. नवे जास्त वाकाचे पाटे, लांब शॉकअप. बसवलं की गाडी जमिनीपासून वर. हे दोन इंचाचं, हे तीनाचं, हे चाराचं."

"आपल्याला कितीचं लागतं?"

"चाराचंच घेऊ. दोन इंचानं काय दिसतंय?"

"दिसायचं न्हाई, बाबा, निघायचंय तिथून."

"निघंलच की. डोंगर चढून राह्यल्यात ह्या गाड्या. बघ."

मित्रांनो, मी चार पावलांवर उभी होते. ते दोघं तासभर फोनकडे बघत होते. निळे शॉकअप घ्यावेत की पिवळे, यावर बोलणं झालं. कुणाच्या गाडीला कोणतं किट आहे, यावर झालं. माझं पोट कुठं टेकतं, यावर एक शब्द नाही. मी सांगते कुठं टेकतं ते. माझ्या मागच्या दोन चाकांना जोडणारा जो जाड दांडा आहे, त्याच्या मधोमध एक लोखंडी गोळा आहे. चाकं फिरवणारे दाते त्यात असतात. तो गोळा दांड्यावर असतो आणि दांडा चाकांबरोबर. पाटे कितीही वाकाचे बसवा, माझं अंग वर जाईल, टप वर जाईल, सीट वर जाईल, गोळा मात्र जमिनीपासून तेवढाच राहील. टेकत होता तो गोळा. पोतं अंथरून एकदा खाली आले असते, तर घासून चकचकीत झालेली त्याची कड दिसली असती. रामराव असते तर दोन मिनिटांत त्यांना कळलं असतं.

रमाबाईंनी एवढंच विचारलं, "मला चढता येईल का रे?"

"सवय होईल," अवधूत म्हणाला.

शहरातल्या एका गॅरेजात मला चार दिवस ठेवलं. माझे जुने पाटे काढले. छत्तीस वर्षं त्यांनी मला तोललं होतं. ते भंगारात गेले, निरोप घ्यायलाही मिळालं नाही. परत आले तेव्हा वस्ती जमा झाली. अवधूतनं माझ्यापुढं उभं राहून फोटो काढले. मला हार घातला. रमाबाईंनी पाय उचलून बघितला, पायरीपर्यंत पोचेना. मोसंबीचा रिकामा क्रेट उलटा ठेवून त्या चढल्या. शेवटची मुलगी तो क्रेट उचलून माझ्यात टाकणार, असं ठरलं. मुली हसल्या. मलाही क्षणभर वाटलं, असेल बाबा, शिकलेली माणसं आहेत, त्यांना जास्त कळत असेल.

सोमवारी पांदणीत, त्याच बाभळीपाशी, मी लटकले. चाकं फिरली, चिखल उडाला, मी डोलले. आता अंग उंच झाल्यानं जास्तच डोलले. रमाबाईंनी दार उघडलं आणि वीस वर्षांच्या सवयीनं जमीन जिथं असायची तिथं पाय टाकला. जमीन तिथं नव्हती. क्रेट मागं दप्तरांखाली होता.

त्यांचा घोटा मोडला. श्रद्धा आणि दुसऱ्या एका मुलीनं त्यांना हातांच्या पाळण्यात धरून वस्तीवर नेलं. मी दिवसभर तिथंच हार घालून उभी होते. त्या दिवशी मला इतका राग आला की, इंजिन चालू असतं तर फाटलं असतं. राग अवधूतवर नव्हता, असं मी म्हणणार नाही.

पोळ्याला नऊ दिवस राहिले. चालवणारी खाटेवर, गाडी लिंबाखाली, मुली घरी. श्रद्धा आईबरोबर सरकीच्या, म्हणजे कपाशीच्या, रानात खुरपायला जाऊ लागली.

मग गयासोद्दीन आले. सत्तरी उलटलेली, दाढी मेंदीनं लाल, मोटरसायकलला अडकवलेली अवजारांची पिशवी. आधी रमाबाईंच्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भाभी, गाडीला सपाता घातल्या का उंच टाचांच्या? लगीन हाय का हिचं?"

रमाबाई दुखत्या पायानंही हसल्या. अवधूत हसला नाही. "चाचा, चार इंच उचलली तरी अडून राह्यली. सहा इंचाचं किट बघतो आता."

"बघ की. मंग शिडी बी घे भाभीसाठी."

गयासोद्दीननी पोतं मागितलं. मित्रांनो, ते पोतं जमिनीवर पसरल्याचा आवाज मी तेवीस वर्षांनी ऐकला. ते पाठीवर सरकत आत आले आणि त्यांनी गोळ्यावर हात फिरवला. बाहेर येऊन म्हणाले, "मला कळलं. पण मी सांगितलं तर तू फोनमधी बघशील. तर गाडीलाच सांगू दे. चुना हाय का घरात?"

भिंतीला लावायचा चुना होता. त्यांनी तो घट्ट कालवून माझ्या पोटाला, दांड्याला, गोळ्याला, सगळीकडे फासला. दोन दिवस उघडीप होती, चुना खडखडीत वाळला. तिसऱ्या दिवशी अवधूत माझ्या स्टेअरिंगवर बसला, शेजारी गयासोद्दीन. वस्तीतली निम्मी माणसं मागून चालत आली, अंगदही आले. बाभळीपाशी मी नेहमीसारखी लटकले. दोरानं मागं ओढून काढल्यावर गयासोद्दीननी अवधूतला पोतं दिलं.

"जा आत. बघ, चुना कुठला गेला."

अवधूत स्वच्छ शर्टानिशी चिखलात आडवा झाला. बराच वेळ आला नाही. मग आतून आवाज आला, "सगळा चुना जागच्या जागी हाय, चाचा. नुसता गोळ्याचा गेला."

"गोळा किती वर गेला तुझ्या किटनं?"

अवधूत चिखलानं माखलेला बाहेर आला आणि पोतं झटकू लागला.

रामरावांनंतर मला पहिल्यांदा कुणी बोलतं केलं होतं.

वरंब्याच्या माथ्यावर लांबच लांब पांढरी रेघ उमटली होती. श्रद्धा तिच्याकडे बघत होती. रेघेच्या दोन्ही बाजूंना त्या खोल चाकोऱ्या. तिनं वडिलांकडे न बघता विचारलं, "आबा, ह्या चाकोऱ्या आपल्याच ट्रॅक्टरच्या न्हाईत का?"

वस्तीवर उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर एकच होता आणि तो अंगदचा होता. गयासोद्दीननी दाढीवरून हात फिरवला.

"गाडी उंच करून काय फायदा, अंगदराव? रस्त्याचं कुबड काढा."

अंगद वळून निघून गेले. मला वाटलं, संपलं, श्रद्धाची शाळा आता संपली. पण दुसऱ्या दिवशी उजाडताना ट्रॅक्टरचा आवाज आला. मागं लोखंडी फळी लावून ते पांदणीत उतरले होते. दोन दिवस वरंबा तासत होते. ती माती त्यांनी चाकोऱ्यांत भरली. पोळ्याच्या आदल्या दिवशी अवधूतनं रजा काढून मला पांदणीतून नेलं. माझ्यात सहा मुली होत्या. गोळ्याला गवतसुद्धा लागलं नाही. आणि मित्रांनो, त्यासाठी चार इंचांतला एकही इंच लागला नाही.

पुढं काय झालं तेही सांगते. गयासोद्दीननी मला दोन इंच खाली आणलं. आणखी खाली आणायला माझे जुने पाटे हवे होते, ते कधीच वितळले. गयासोद्दीन स्वतः गेल्या वर्षी गेले. त्यांनी चुना कालवला तो डबा माझ्या सीटखाली आहे. रमाबाईंचा घोटा जुळला, पण क्लच दाबवत नाही. त्या क्रेटवर पाय ठेवून चढतात आणि शेजारच्या सीटवर बसून चालवणाऱ्याला सूचना देतात. चालवणारे म्हणजे अंगद. मुली त्यांना घाबरत नाहीत, रमाबाईंना घाबरतात. श्रद्धा दहावी पास झाली, अंबडला आयटीआयला गेली, आता जालन्याला कामाला आहे. अवधूत अजून रविवारी येतो. आला की आधी पोतं मागतो. पण अलीकडे तीन महिने त्याला सुटी मिळालेली नाही.

मला नवा रंग देऊ नका, हार घालू नका. एखादी गोष्ट जुनी झाली, अडू लागली, तर तिच्यासाठी काही विकत आणण्याआधी एकदा तिच्याखाली वाका, एवढंच माझं मागणं आहे. गेल्या हिवाळ्यात ऊस चांगला झाला. ट्रॉल्या पुष्कळ फिरल्या. आता माझ्यात नऊ मुली बसतात. परवा बाभळीपाशी माझ्या गोळ्याला पुन्हा माती लागली; अगदी थोडी, वर बसलेल्या कुणाला जाणवली नाही.

मी लिंबाखाली उभी आहे. पोतं दाराशीच टांगलेलं आहे.