पापाचे ठिपके

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. पडद्यावर आभाळाचा एक फोटो झळकत होता: काळपट, करडा, आणि त्यावर वाळू फेकल्यासारखे ठिपकेच ठिपके.

"हे ठिपके म्हणजे तुमची पापं!" तेजोबाबा गरजले. "जप करा. पाप झडेल, रंग फुलेल!"

"ये प्रकाशा, ये!" सगळ्यांनी एकच सूर धरला. आणि काय नवल! ठिपके विरळ होत गेले, करड्यातून गुलाबी उमटलं आणि बघता बघता पडदाभर लालबुंद मेघ फुलला. लोकांच्या अंगावर काटा आला. काहींच्या डोळ्यांना तर धार लागली.

शेवटच्या रांगेत बसलेल्या दंतवैद्य बाईंनी मात्र कपाळाला हात लावला. असले तेजोमेघ, म्हणजे ताऱ्यांमधले उजळलेले वायूचे ढग, कॅमेऱ्यात टिपण्यापायी त्यांनी स्वतःच्या गच्चीवर कित्येक रात्री डास मारत घालवल्या होत्या. एरवी त्या हसून घरी गेल्या असत्या. पण शेजारी सासूबाई होत्या. त्यांना मोतीबिंदू झाला होता आणि ऑपरेशनची ठरलेली तारीख त्यांनी मोडली होती. कारण बाबा म्हणाले होते, 'डोळ्यांतले ठिपकेही जपानेच जातील.' काल तर सासूबाई जिन्यावरून पडता पडता वाचल्या.

बाबांनी पुढचा फोटो लावायला सांगितला, पडद्यावर नवे ठिपके आले, तशा बाई उभ्या राहिल्या.

"बाबा, या वेळी जपाऐवजी पाढा म्हटला तर?"

"अनर्थ होईल! चित्र काळंठिक्कर पडेल!"

"अगं, खाली बस," सासूबाईंनी पदर ओढला. "चारचौघांत शोभा करतेस!"

पण पुढच्या रांगेतल्या जाड्या शिंप्याला राहवलं नाही. "बघू तरी," म्हणत त्याने सुरू केलं, "बे एके बे..." हसत हसत बाकीचेही सामील झाले. 'बे चोक आठ'ला ठिपके घटले, 'बे साते चौदा'ला गुलाबी आलं. बाबा संगणकावर बसलेल्या शिष्याला चित्र थांबवायला डोळ्यांनी खुणावत होते; पण शिष्य डोळे मिटून भक्तिभावाने पाढाच म्हणत होता! 'बे दाहे वीस'ला लाल मेघ थाटात उभा राहिला.

मग शिंपी म्हणाला, "बाबा, पाढ्यानेही पाप जातं होय?"

"ठिपके पापाचे नाहीत," बाई म्हणाल्या. "अंधारात फोटो काढला की कॅमेऱ्याला भास होतात. प्रत्येक फोटोत ते वेगळ्या जागी पडतात. मेघ मात्र दर वेळी एकाच जागी असतो. पुष्कळ फोटो एकावर एक बसवून सरासरी काढली की भास पुसले जातात आणि खरं ते उरतं. बाबा आधी एकच फोटो दाखवतात, मग अनेक जुळवलेले. चित्रं आपोआप बदलतात."

"आणि रंग?" शिंप्याने विचारलं.

"रंग खराच आहे. तिथला हायड्रोजन वायू लाल उजळतो. फार फिका असतो, म्हणून संगणकावर वाढवायचा. बेताने वाढवावा लागतो, नाहीतर मेघ सुजलेल्या हिरड्यांसारखा दिसतो. हा तसाच दिसतोय."

"पण यंत्रं कुणाच्या कृपेने चालतात?" बाबांनी शेवटचा बाण सोडला.

"विजेच्या!" मागून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "मग माझ्या डोळ्यांतलं?"

"आई, तुमच्या डोळ्यातलं भिंग गढूळ झालंय. ते डॉक्टरच बदलतील."

सासूबाई उठल्या, चाचपडत थेट मंचापाशी गेल्या. "काय रे, मी जिन्यावरून पडले असते तर कुठला जप करणार होतास?"

बाबा मागच्या दाराने निघाले. त्यांच्या मागे शिष्यही.

पुढच्याच आठवड्यात सासूबाईंचं ऑपरेशन झालं. त्याआधी त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की बिचाऱ्यांचा चहा गार झाला. पण डॉक्टरांनी एकेका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं, कारण त्यांच्याकडे उत्तरं होती.

ज्याच्याकडे उत्तर असतं, तो प्रश्नाला घाबरत नाही. म्हणून कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी हात वर करा आणि विचारा: हे कसं होतं?