कार्बोरेटरच्या तोंडावरचा तळहात

डिसेंबरातल्या सकाळी पेट्रोलचा वास लवकर विरत नाही. थंडीने जड होऊन तो जमिनीलगत रेंगाळतो. त्या वासाबरोबर मला रघुमिस्त्रींचा उजवा तळहात दिसतो. रुंद, काळपट, रेषारेषांत ग्रीस मुरलेला, आणि अंगठ्याच्या मुळाशी जुन्या भाजण्याचा गुळगुळीत डाग.

कसब्यात तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांच्या शेजारी त्यांचं गॅरेज होतं. त्या अखंड ठणठणाटात ते स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे, आणि वैद्याला नाडी सापडावी तसा दोष त्यांना सापडायचा. चेहऱ्यावर कसलाच विजय नसे. दुपार उतरताना भिंतीवर असतो तेवढा मंद, समजूतदार उजेड असे.

मी शून्यातून वर आलेला माणूस. समोरच्याने सांगितलेलं जसंच्या तसं मान्य करणं मला आयुष्यभर हार वाटत आलं. मे महिन्यात गाडीचं काम काढलं तेव्हा ते म्हणाले, "शेठ, चोकची केबल तुटलीय. बदलून टाकू." गार इंजिनला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं, चोक ओढला की कार्बोरेटरच्या तोंडाशी हवेची वाट झाकली जाते, एवढंच त्या केबलचं काम.

"राहू द्या हो," मी म्हणालो. "पुण्यात काय बर्फ पडतोय?"

डिसेंबर आला आणि गाडी सुरू होईना. फोन केल्यावर कानाला मफलर गुंडाळून मिस्त्री स्कूटरवरून कोथरूडला आले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी फिरायला निघालेली मंडळी होती. त्यांतल्या चार-पाच जणांच्या जुन्या गाड्या मिस्त्रींच्याच हाताखालून जात. त्या सर्वांसमोर मी कडाडलो, "माझा चांगला कार्बोरेटर काढून भंगारातला बसवलात! चोर आहात तुम्ही!"

त्यांनी एअर फिल्टर उतरवला आणि कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर तळहात ठेवला. "स्टार्टर मारा, शेठ. ॲक्सिलरेटरला पाय नको."

इंजिन खोकलं, थरथरलं, आणि सुरू झालं. झोपलेल्या मुलावरून पांघरूण सारावं तशी त्यांनी एकेक बोट उचलत हवेला वाट दिली. त्याच क्षणी मला केबल आठवली. त्यांनाही ती आठवत होती. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. पण बर्फाचा शब्द काढला नाही. "गरम होऊ द्या," एवढंच म्हणाले, चिंधीला हात पुसला आणि निघून गेले.

'चूक माझी', एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. मंडळी अजून उभी होती. मी बॉनेट आपटलं आणि जिना चढलो.

त्यानंतर आमच्या सोसायटीतून त्यांना कुणी बोलावलं नाही. लिफ्टमध्ये एक शेजारी म्हणाले, "बरं झालं, तुम्ही वेळीच सावध केलंत." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर माझा मिस्त्रींवरचा राग अजून गेलेला नाही. त्यांनी मला तिथेच सुनवायला हवं होतं. भांडणात मी कुणालाही पुरून उरतो. त्या मौनाशी मात्र मला घासाघीस करता आली नाही.

पुढची थंडी पडली तेव्हा कसब्यात गेलो. शटर बंद होतं. शेजारचा तांबट हातोडी न थांबवता म्हणाला, "मिस्त्री? गेले, दिवाळीच्या आधीच. गाडी अडल्याशिवाय कुणाला आठवण होते म्हणा!"

केबल मी अजून बसवलेली नाही. गार सकाळी बायको स्टार्टर मारते आणि मी कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात ठेवतो. आतला श्वास कातडीला गार ओढ लावतो, आणि गेलेला काळ हाताखाली क्षणभर अडून राहिल्यासारखा वाटतो. तेवढ्यात ते दोन शब्द मी उच्चारतो. मग इंजिन सुरू होतं, आणि त्या आवाजात ते मलासुद्धा ऐकू येत नाहीत.